सही करू का, फादर?

सामान्य काळातील पंचविसावा रविवार
शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६



द्राक्षमळा म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तासगाव-पळूसकडे छाटणीच्या दिवसांत पहाटे मजुरांच्या टोळ्या जमतात, टेम्पोत बसतात आणि निघून जातात. जो मागे राहिला, तो चौकात उभा. आजच्या दाखल्यातला मालक असाच पहाटे चौकात गेला. मग तिसऱ्या ताशी गेला, सहाव्या ताशी, नवव्या ताशी गेला आणि दिवस मावळायला तासभर उरला तेव्हाही गेला. संध्याकाळी त्याने प्रत्येकाच्या हातावर एक एक दीनार ठेवला. सकाळपासून राबलेले कुरकुरू लागले.

ह्या दाखल्यावर मी आजवर अनेकदा प्रवचन केले आहे. देवाची दया अपार आहे, उशिरा आलेल्यालाही तो जवळ करतो, असे सांगून आसनावर जाऊन बसलो आहे. त्यात चूक काही नाही. पण ह्या वेळी हे वाचन समोर आले आणि मला आपल्याच धर्मग्रामातील एक मुलगी आठवली. तिची गोष्ट तिच्या परवानगीने सांगत आहे. नाव सांगणार नाही, आपणही शोधत बसू नये.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली होती. आयटीआय झालेली मुलगी. पुण्याच्या बाजूला एका विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे आपण ज्याला सेझ म्हणतो तिथे, गाड्यांच्या वायरिंगची जुळणी करण्याच्या कामावर होती. रविवारची मिस्सा झाल्यावर मी झगा उतरवत होतो, तेवढ्यात ती सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"फादर, एका कागदावर सही करू का नको, तेवढं सांगा."

कागद युनियनचा होता. तीन वर्षे काम करूनही ती कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या पटावर होती. काम बारा तास. वरच्या चार तासांचे पैसे साध्याच दराने. साठ मुलींमध्ये स्वच्छतागृहाला जायची दोन टोकने. टोकन मोकळे होईपर्यंत थांबायचे. त्या पायी मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत आणि मग दवाखान्याची पायरी चढायच्या. पगारातून पीएफ कापला जायचा, पण भरला जातो की नाही ते कळायला मार्ग नव्हता. काही मुलींनी मिळून संघटना करायची ठरवली होती.

मी तिला काय सांगितले? "प्रार्थना कर बाळ, परमेश्वर मार्ग दाखवील."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "प्रार्थना करूनच आलेय, फादर."

त्या दिवशी दोन बारसे होती, घाई होती. अशी कारणे मला पुष्कळ सापडली. पण खरे कारण असे की मला भीती वाटली. मी 'कर' म्हणालो आणि तिची नोकरी गेली, तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? म्हणून मी प्रार्थनेच्या आड लपलो. प्रार्थना ही लपायची जागा नव्हे, हे मला वेदीवरून इतरांना सांगता येते.

आता तिच्या घरची बाजू ऐका. तिच्या आजोबांनी तिला स्पष्ट बजावले होते, "पोरी, त्या लालबावट्याच्या नादाला लागू नकोस. आमचं काय झालं ते ठावं हाय न्हवं?" आजोबा मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. सातारा-सांगलीच्या किती घरांतली चूल त्या गिरण्यांच्या भोंग्यावर पेटत होती, हे वडीलधाऱ्यांना विचारा. संप लांबत गेला, घरातली भांडी विकली गेली, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आजोबा बोचके घेऊन एसटीने विट्याला उतरले ते परत गेलेच नाहीत. ज्या माणसाने हे सोसले, त्याने नातीला 'सही करू नको' म्हणणे ह्यात भित्रेपणा नाही. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा हे त्यांना म्हणालोही.

पण मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारली. "आजोबा, १९८२ ला तुमची मागणी फक्त पगारवाढीची होती का?" त्यावर ते बराच वेळ बोलले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी धंद्यात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा हक्क होता. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, तरी मालकाशी वाटाघाटी करणार तीच. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, हाही त्या लढ्याचा एक गाभा होता. हे सांगताना आजोबांचा आवाज चढला. मग ते एकदम थांबले आणि नातीकडे बघू लागले. मी काही बोललो नाही.

आणि विट्याच्या माणसाने आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या संपात गावी परतलेले गिरणी कामगार आपल्या खानापूर तालुक्यात नुसते हात चोळत बसले नाहीत. दुष्काळ होता. आपल्या गावांत दुष्काळ का पडतो, पाणी जाते कुठे, असे प्रश्न ते मुंबईच्या सभांत शिकलेल्या धिटाईने विचारू लागले. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते, त्याला लोकांनी अटकाव केला. त्याच वाळूतली थोडी विकून पैसा उभा केला आणि बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही. मुंबईत हरलेला संप आपल्या तालुक्यात असे पाणी देऊन गेला. संपाचा हिशेब मांडताना ही जमेची बाजूही वहीत असावी.

आता सेझकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली पुण्या-मुंबईकडे अशा ठिकाणी कामाला आहेत. तिथे कायदा काय आहे, हे आपल्याला माहीत हवे.

आपल्या देशात निर्यातीसाठी कुंपण घालून वेगळा प्रदेश राखण्याची सुरुवात १९६५ साली कांडल्याला झाली. मुंबईत अंधेरीला १९७३ साली सीप्झ आले. आधी इलेक्ट्रॉनिक वस्तू, पुढे सोन्या-हिऱ्यांचे दागिने. आपल्या विटा-खानापूरच्या माणसांनी गलाईच्या धंद्यात सोने-चांदी गाळत भारतभर दुकाने थाटली, त्यामुळे दागिन्याच्या मागे किती हात असतात हे आपल्याला ठाऊक आहे. सीप्झमध्ये त्यातले पुष्कळ हात तरुण मुलींचे होते. पुढे २००५ साली संसदेने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. करात सवलत, जकातीत सवलत, सगळे परवाने एका खिडकीवर.

ह्याच कायद्याखाली रायगड जिल्ह्यात पेण-उरण-पनवेलच्या शेतजमिनीवर महामुंबई सेझ येणार होते. शेतकऱ्यांच्या लढ्याला नेतृत्व दिले ते आपल्याच जिल्ह्यातील वाळवा तालुक्याच्या ढवळीचे सुपुत्र प्रा. एन. डी. पाटील यांनी. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. ते सेझ ठरल्याप्रमाणे उभे राहिलेच नाही. जमीन असणाऱ्याचा आवाज निदान ऐकू तरी गेला. ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत, त्याचा आवाज कुंपणाच्या आत कसा पोचणार?

पुष्कळांचा असा समज आहे, आणि काही ठेकेदार तो मुद्दाम पसरवतात, की सेझमध्ये कामगार कायदे चालत नाहीत, युनियनला बंदी आहे. हे खरे नाही. त्याच कायद्याच्या ४९ व्या कलमात सरकारला सेझपुरते इतर कायदे शिथिल करण्याचा अधिकार दिला आहे. पण तिथेच स्पष्ट अट आहे की कामगार संघटना, औद्योगिक तंटे, कामाची परिस्थिती, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई, निवृत्तिवेतन आणि प्रसूतीचे लाभ ह्या बाबतींत तो अधिकार वापरता येणार नाही. म्हणजे संसदेने कामगाराचा हक्क कुंपणाबाहेर ठेवला नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण फाटकावर आहे. पास असल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून संघटनेचा माणूस कामगारांपर्यंत पोचत नाही. शिवाय २००६ च्या नियमांत राज्य सरकारांकडून अशी अपेक्षा ठेवली आहे की औद्योगिक तंटे कायद्याखालचे अधिकार सेझच्या विकास आयुक्तांकडे सोपवावेत आणि सेझला सार्वजनिक उपयुक्त सेवा जाहीर करावे. कारखाने यावेत, निर्यात वाढावी हे ज्याचे काम, त्यानेच कामगाराची तक्रारही ऐकायची. तो अधिकारी सज्जन असेलही; पण त्याला दोन धन्यांची चाकरी करायला लावली आहे आणि त्याबद्दल आपल्या प्रभूने काय सांगितले ते आपण जाणतो. सार्वजनिक सेवा ठरल्यामुळे चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नसे. रेल्वे किंवा पाणीपुरवठा बंद पडू नये म्हणून असलेला नियम वायरिंगच्या जुळणीला लावायचा, हे मला अजून उमगलेले नाही. आता तो प्रश्नही मागे पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि चौदा दिवसांच्या नोटिशीचा नियम सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आला. जे कुंपणाच्या आत होते, ते कुंपण ओलांडून बाहेर आले. विट्याच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसानेही 'सेझचे आपल्याला काय' असे म्हणू नये.

बंधुभगिनींनो, आपल्या गावाचे नाव विटा. बायबलमध्ये विटांची एक मोठी गोष्ट आहे. निर्गमाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी जाऊन जरूर वाचा. फारोने इस्राएली लोकांना पिथोम व रामसेस ही भांडारांची नगरे बांधायला लावले होते. कुणाच्या तरी श्रीमंतीसाठी वेगळे राखलेले नगर, आणि ते बांधणारे हात परक्यांचे. मोशे आणि अहरोन त्याच्याकडे गेले आणि त्यांनी काय मागितले? राज्य मागितले नाही, पगार मागितला नाही. अरण्यात जाऊन देवाची उपासना करायला तीन दिवसांची सुट्टी मागितली. फारो म्हणाला, लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना असले सुचते. त्याने त्याच दिवशी हुकूम काढला : विटांसाठी लागणारा पेंढा आजपासून मिळणार नाही, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, मात्र विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये. आजच्या भाषेत टार्गेट तेच, माल द्यायचा नाही. विटा कमी पडल्या तेव्हा मार कुणी खाल्ला? इस्राएली लोकांतूनच नेमलेल्या नायकांनी. आणि ते नायक बाहेर येऊन रागावले कुणावर? फारोवर नव्हे, मोशेवर. तुमच्यामुळे आमच्यावर हे ओढवले, असे त्यांनी मोशेला सुनावले.

आजोबांचे बोलणे मला तेव्हा नव्याने कळले. युनियनमुळे गिरण्या गेल्या, असे आपण सहज बोलतो. फारोचे नाव आपल्या तोंडात लवकर येत नाही. आणि त्या अध्यायातला मोशेही पहा. तो देवाकडे जाऊन तक्रार करतो की मी बोलल्यापासून ह्यांचे हाल वाढलेच आहेत. देव त्याला रागावत नाही, आणि काम सोड असेही सांगत नाही.

एका परिचित कारखानदाराने मला एकदा हसत हसत म्हटले, "फादर, तुमच्या बायबलातच मालकाची बाजू घेतलेली आहे. ठरली ती मजुरी दिली, मग कुरकुर कशाला? पैसा माझा, मी मनाला येईल तसा देईन." आजच्याच दाखल्याचा त्यांनी आधार घेतला होता. माणूस वाईट नाही. आपल्या गावात चार माग असलेला मालक स्वतः रात्री मागावर उभा असतो, सूत महागले की पहिला तोच घाबरतो, हे मी पाहिले आहे. पण दाखल्याचा हा अर्थ नव्हे. तो मालक मनाला येईल तसे वागला ते कमी देण्यासाठी नव्हे, जास्त देण्यासाठी. दीनार म्हणजे एका मजुराच्या घरची एका दिवसाची भाकरी. अकराव्या ताशी आलेल्याच्या घरीही तितकीच तोंडे खायला होती. मालकाने तास मोजले नाहीत, चूल पाहिली.

आणि कुरकुरणाऱ्यांची खरी चूक कोणती? त्यांनी आपला हक्क मागितला ही नव्हे. शेवटी आलेल्याला आपल्या बरोबरीला बसवले, हे त्यांना सोसले नाही. ही चूक आजही होते, आणि ती युनियनवाल्यांकडूनही होते. कायम कामगारांची संघटना जोरात असते, ठेक्यावरच्या माणसाकडे मात्र ती ढुंकून पाहत नाही. एकाच यंत्रावर दोघे उभे. एकाला बोनस, दुसऱ्याला पुढच्या महिन्यात काम आहे की नाही तेही माहीत नाही.

'ठरली ती मजुरी' ह्या युक्तिवादाला ख्रिस्तसभेने फार पूर्वी उत्तर दिले आहे. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र काढले. त्यात त्यांनी सांगितले की गरजेपोटी कामगार कमी मजुरीला 'हो' म्हणाला, म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतके वेतन हा न्यायाचा भाग आहे आणि तो कराराच्याही वरचा आहे. कामगारांनी संघटना करणे हा निसर्गदत्त हक्क असून सरकारने त्यावर सरसकट बंदी घालू नये, हेही त्यांनीच सांगितले. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्झेरचेन्स'मध्ये संघटनेला सामाजिक न्यायाच्या लढ्याचे मुखपत्र मानले. हे पोप तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात राबलेले होते, पुस्तकातून बोलत नव्हते. संप हे शेवटचे साधन आहे आणि संघटनेने पक्षाच्या राजकारणाचे हत्यार होऊ नये, असेही त्यांनी बजावले. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांनी हे दुसरे वाक्य भिंतीवर लावावे. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी, परकीय उद्योग यावेत म्हणून देश करात सूट आणि कामगार कायद्यांत ढिलाई देऊ लागले आहेत आणि अशा वेळी संघटनांचे काम अवघड होत आहे, हे नेमके ओळखले. कामगारांच्या संघटनांना पूर्वीपेक्षाही अधिक पाठबळ द्यावे असे त्यांनी लिहिले. आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव का घेतले ते दोनच दिवसांनी सांगितले : मुख्यतः तेरावे लिओ आणि त्यांच्या त्या विश्वपत्रासाठी.

म्हणजे माझ्याजवळ उत्तर तयार होते. सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. सॅक्रिस्टीच्या दाराशी मात्र ते आठवले नाही.

आज आपण रविवारी इथे जमलो आहोत. हा रविवार आपल्याला कुणी दिला? देवाने दिला, हे तर खरेच. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. आणि फुल्यांचे मूळ गाव कटगुण, हे इथून जवळच खटाव तालुक्यातले. लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. फारोसारखाच प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार, ह्या लोकांना सुट्टी कशाला? सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, तो पाळणाऱ्यालाही ती मिळाली आणि मिस्साला जाणाऱ्यालाही. साडेपाच हजार माणसांनी, त्यातल्या कितीतरींनी अंगठे उठवून, सही करू का नको हा प्रश्न तेव्हा सोडवला नसता, तर आज सकाळी नऊ वाजता ह्या बाकांवर आपल्यापैकी किती जण असते?

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसे गेली. बहुतेक कपडे शिवणाऱ्या मुली. आदल्या दिवशी भिंतीला तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. सकाळी 'आत चला' म्हटल्यावर 'आम्ही येणार नाही' असे सगळ्यांच्या वतीने सांगणारे कुणी नव्हते. त्या इमारतीतल्या एकाही कारखान्यात संघटना नव्हती. एकटी मुलगी नाही म्हणाली तर तिचा पगार कापला जातो. पाचशे जणी मिळून नाही म्हणाल्या, तर साहेबाला भिंतीकडे पाहावे लागते. तो एप्रिल आठवला की मला त्या सहीची किंमत कळते.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण आपण विचारणारच. माझ्या सल्ल्याशिवायच तिने सही केली. आजोबांनी शेवटी तिला अडवले नाही. दोन महिन्यांनी तिचा आणि आणखी चार जणींचा गेटपास नवा करून मिळाला नाही. कामावरून काढले असे कुणी म्हणाले नाही. पास संपला, एवढेच. संघटनेत गेल्याबद्दल कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने, आणि नव्या संहितेतही ती अनुचितच आहे. पण ते सिद्ध करायला कागद लागतात, आणि ठेकेदाराने तिला नेमणुकीचा कागदच कधी दिला नव्हता. आठ महिने ती घरी होती. त्या आठ महिन्यांत तिच्या घरी कोण कोण गेले, ह्याचा विचार आपण सगळ्यांनी करावा; मी तीनदाच गेलो. आता ती दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे, पगार थोडा कमी आहे. आत राहिलेल्या मुलींनी तिला फोन करून सांगितले की टोकनाची पद्धत बंद झाली.

गेल्या महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "फादर, मला तुमची सही नको होती. मी एकटी नाही, एवढंच कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं."

म्हणून एक सूचना. पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आपण बसणार आहोत. ज्यांची मुले-मुली बाहेरगावी कंपनीत, सेझमध्ये किंवा इथे मागावर कामाला आहेत, त्यांनी यावे. कामगार कायद्याचे काम करणारे एक वकील येण्याचे कबूल झाले आहेत. ते आपल्या धर्माचे नाहीत, त्याने काही बिघडत नाही. मुलांना फोन करून आधी एवढे विचारून ठेवा : नेमणुकीचे पत्र आहे का, पगाराची पावती मिळते का, पीएफचा नंबर माहीत आहे का आणि त्यात पैसे जमा होतात का, हजेरीची नोंद कोण ठेवतो, बाराव्या तासाचे पैसे कोणत्या दराने मिळतात. कायद्याने ते दुप्पट दराने मिळायला हवेत. जे कागद असतील त्यांची झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, माझ्याही नाही.

ज्यांच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते, ज्यांच्या मळ्यात गडी आहे, ज्यांच्याकडे दोन-चार माग आहेत, त्यांनीही यावे. तुमच्याही अडचणी ऐकायच्या आहेत. चर्चच्या आवारात जी माणसे कामाला आहेत त्यांच्या हजेरीची आणि पगाराची वही मी त्या दिवशी सगळ्यांपुढे उघडी ठेवणार आहे. त्यात कुणाला काही कमी दिसले, तर तिथेच बोलावे.

चटया घालायचे आणि पाण्याची घागर भरून ठेवायचे काम त्या मुलीच्या आजोबांनी आपणहून मागून घेतले आहे. ते साडेसातलाच येणार आहेत. कुणी मदतीला आले तर बरे होईल.